अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

माझ्या हत्यारांच्या पिशवीत हिरव्या तारेचा एक तुकडा आहे. बोटभर लांब, दोन्ही टोकं सोललेली, स्क्रूखाली दाबली गेल्यामुळे चपटी झालेली. असे तुकडे माझ्या हातून रोज पडतात आणि ज्या घरी काम चालू असेल तिथली बाई ते केराबरोबर झाडून टाकते. हा मला टाकता आलेला नाही. पक्कड काढायला पिशवीत हात घातला की तो बोटाला लागतो. तो कुठून निघाला ते एकदा लिहून काढतो.

मी वायरमन आहे. जव्हारला राहतो. मूळ घर मोखाडा तालुक्यात, सूर्यमाळच्या बाजूला डोंगरावरच्या एका पाड्यावर. तिथे आता माझा थोरला भाऊ आणि वहिनी असतात. नाचणी, वरई, खालच्या तुकड्यात थोडा भात. त्यांच्या दोघी मुली लग्न होऊन गेल्या. वहिनी त्या घरात आली तेव्हा मी आश्रमशाळेत सातवीला होतो आणि आई जाऊन वर्ष झालं होतं. सुट्टीत घरी आलो की अंगणात तांब्याभर पाणी माझ्यासाठी वेगळं झाकून ठेवलेलं असायचं, तोंड धुवायला. आमच्याकडे उन्हाळ्यात तांब्याभर पाणी वेगळं ठेवणं म्हणजे काय, हे तेव्हा मला कळत नव्हतं. पुढेही कळलं नाही, हेच सांगायचं आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत ठाण्याचं एक जोडपं त्यांची घरगाडी घेऊन पाड्यावर आलं. मोठी पांढरी व्हॅन, आत पलंग, ओटा, छोटं न्हाणीघर, वर एसी. रस्ता चुकून आले होते. दादाने त्यांना घरामागच्या खळ्यावर गाडी लावू दिली. दोघंही नोकरीतून मोकळे झालेले, साठीच्या आसपासचे. साहेबांना पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करायचा नाद होता, बाईंना नुसतं बसून राहायला आवडायचं. तीन दिवस राहिले. जाताना म्हणाले, उन्हाळ्यात महिनाभर येऊ, पण एसी चालेल असं लाइटचं कनेक्शन गाडीपाशी मिळेल का?

दादाने तिथूनच मला फोन लावला. "तुझ्या धंद्यातलं काम आहे. गाडीला लाइट द्यायची. जमंल का?"

"जमेल म्हणजे? न जमायला काय झालं?" मी म्हटलं.

खरं तर असलं काम मी कधी केलं नव्हतं. जव्हारमध्ये कुणीच केलं नसेल. पण मोबाइलवर बघून बघून मी सगळं शिकून घेतलं आणि मोठ्या हौसेने केलं. मीटरवरचा भार रीतसर वाढवून घेतला. घरापासून खळ्यापर्यंत चर खणून पाइपातून जाड केबल नेली. खळ्याच्या कडेला लोखंडी खांब पुरला, त्यावर पावसाचं पाणी जाणार नाही अशी झाकणाची पेटी, पेटीत निळं, जाड तीन पिनांचं सॉकेट, भार जास्त झाला की पडणारं एमसीबी आणि एक ईएलसीबी. हे ईएलसीबी म्हणजे राखणदार. जेवढा करंट गेला तेवढा परत आला की नाही, एवढंच ते बघतं. परतीच्या वाटेवर जरा कमी पडला, म्हणजे कुठेतरी गळतोय, कदाचित माणसाच्या अंगातून गळतोय, असं समजून ते स्वतःहून बंद पडतं. आमच्या पाड्यावर असं मशीन पहिल्यांदाच लागत होतं. मी पेटीचं झाकण चार स्क्रूंनी घट्ट आवळलं तेव्हा बघायला दहा-बारा माणसं जमली होती, आणि मला ते आवडलं होतं.

अर्थिंगचा खड्डा दादाने खणला. वर मुरूम, मग काळा दगड. दोन दिवस पहार चालली. वहिनीने चुलीतला कोळसा साठवून ठेवला होता तो दिला. पाइप उभा करून भोवती कोळसा आणि मीठ, कोळसा आणि मीठ असे थर घातले. वर पाणी ओतायला नरसाळं ठेवलं.

"ह्याच्यात पानी कशाला?" वहिनीने विचारलं.

"जमीन ओली असली तर करंट नीट जिरतो. उन्हाळ्यात रोज हंडाभर घालावं लागेल."

"जमिनीला पन पाजायचा?" ती हसली. "बरा हाय. मानसांना तांब्या, जमिनीला हंडा."

मीही हसलो. हंडा शब्द माझ्या तोंडून किती सहज गेला होता. पुस्तकात ओल राखा असं लिहिलेलं आहे, रोज हंडाभर असं कुठेही लिहिलेलं नाही. तो हंडा माझ्या मनचा होता.

पाहुणे एप्रिलच्या सुरुवातीला आले. आमच्याकडची विहीर होळीलाच तळ दाखवते. मग कधी टँकर येतो, विहिरीत पाणी सोडतो, आणि सगळा पाडा दोर-कळशा घेऊन धावतो. टँकर नसेल त्या दिवशी खाली दरीत झिरा आहे. दगडाच्या कपारीत परातीएवढा खळगा, त्यात पाणी पाझरतं. वाटीने खरवडून हंडा भरायचा. बायका उजाडायच्या आधी जाऊन नंबर लावतात. वहिनीचे दोन हंडे भरून ती वर येईपर्यंत ऊन चढलेलं असायचं. त्यातला एक घरात जायचा आणि एक खड्ड्यात.

पाहुण्यांनी स्वतःचं पाणी आणलं होतं. गाडीची टाकी ते दर दोन-तीन दिवसांनी जव्हारला जाऊन भरून आणत. वहिनीकडे त्यांनी पाणी कधी मागितलं नाही. मागणारा मीच होतो.

पहिल्याच दुपारी एसी लावला आणि अर्ध्या तासात ईएलसीबी पडलं. वर केलं, पुन्हा पडलं. नुसते दिवे, पंखा, मोबाइल यांना काही होत नव्हतं, एसी लावला की पडायचं. साहेबांनी फोन केला. मी संध्याकाळी मोटरसायकलवर गेलो, टेस्टर लावला, गाडीतलं वायरिंग तपासलं. ते ठीक होतं. मग खड्ड्यापाशी उकिडवा बसून माती चिमटीत घेतली आणि जाणत्यासारखी चोळली.

"कोरडा आहे. पाणी कमी पडतंय," मी सांगितलं. "दोन हंडे घाला."

पेटी मी उघडलीच नाही. चार स्क्रू काढायचे होते फक्त. पण पेटी मी स्वतः भरली होती, दहा-बारा माणसांच्या देखत. तिच्यात चूक असेल हे माझ्या मनातच आलं नाही. जमीन मात्र माझी नव्हती. तिच्यात चूक असू शकत होती.

दादाने वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "दोन तं दोन."

दुसऱ्या दिवसापासून ती झिऱ्याच्या दोन खेपा करायला लागली. ईएलसीबी पडतच राहिलं. एखाद्या सकाळी एसी दहा-पंधरा मिनिटं चालायचा, मग बंद. मी एक दिवसाआड जायचो, माती चोळायचो, मान हलवायचो. मुरूम आहे, पाणी खाली निघून जातं, धीर धरा, ओल मुरायला वेळ लागतो, असं काहीबाही सांगायचो. पाहुणे भले होते. "घाई नाही हो," म्हणायचे. बाई वहिनीला डोक्यावर हंडा घेऊन वर येताना बघायच्या आणि म्हणायच्या, "किती कष्ट पडतात ना यांना." पण मी वायरमन सांगत होतो की हे पाणी लागतंच, मग त्या तरी काय करणार?

त्या दिवसांत वहिनी डोक्याला फडकं घट्ट बांधून असायची. घरातही सोडायची नाही. मला वाटायचं, उन्हासाठी.

दुसऱ्या आठवड्यात वहिनीच्या माहेरी लग्न होतं. ती दोन दिवस तिकडे गेली. खड्ड्यात पाणी घालायला कुणी नव्हतं. दादाला गुडघ्यामुळे दरी उतरवत नाही. तिसऱ्या दिवशी रविवार, मी दुपारी तिथे पोचलो तर गाडीत एसी चालू.

"कालपासून एकदाही ट्रिप नाही," साहेब खुशीत म्हणाले. "मुरली वाटतं तुमची ओल."

"मी म्हटलं नव्हतं?" मी म्हणालो.

तेवढ्यात वहिनी आली. माहेराहून आल्या आल्या घरातला हंडा घेऊन ती झिऱ्यावर गेली होती आणि तो भरून आणला होता. लग्नातलं लुगडं अजून अंगावर होतं. तिने सरळ जाऊन हंडा खड्ड्यात रिकामा केला. आम्ही चौघं खळ्यावर आंब्याखाली चहा पीत बसलो होतो. चहा संपायच्या आत खट्ट झालं आणि एसीचा आवाज थांबला.

वहिनी हंडा हातात धरून उभीच होती. ती खांबाकडे बघत राहिली, मग खड्ड्याकडे. मग हळूच म्हणाली, "भाऊजी, मला काय वाटतं सांगू? पानी घातला का जास्त पडतं ते. मी नव्हती तं चालत व्हतं."

आता आठवलं की अंगावर काटा येतो, इतकं ते बरोबर होतं. बारा दिवस मी टेस्टर घेऊन जे बघितलं नाही ते तिने रिकामा हंडा हातात घेऊन बघितलं होतं.

मी हसलो. पाहुण्यांकडे वळून, त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "घ्या! वहिनी, आता तूच वायरमन हो. मी चुलीपुढे बसून भाकऱ्या थापतो."

साहेब हसले. दादा तर मांडीवर थाप मारून हसला. "हिला लायसन काढून दे रे!" बाईही हसल्या, जरा कमी. आणि वहिनीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. "मला काय कळतंय त्यातला," म्हणाली, आणि हंडा घेऊन घरात गेली.

तिचं ते हसणं मी किती तरी वेळा आठवून बघितलं आहे. त्यात राग शोधला. सापडला असता तर बरं वाटलं असतं. ती खरंच आमच्याबरोबर हसली होती. तिला जे दिसलं ते खोटं आहे असं तिने माझ्या शब्दावर मानून टाकलं होतं.

मग तो गुरुवार. जव्हारला एसटी डेपोच्या मागे एका घरात गिझर बसवत होतो. जुनं घर, अर्थिंग नाही. अशा घरांत आम्ही वायरमन एक लबाडी करतो. सॉकेटची अर्थची पिन तारेच्या छोट्या तुकड्याने न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेला, जोडून देतो. तेवढ्याने भागतं, घरमालक खूश, पुन्हा कुणी विचारत नाही. ते धोक्याचं आहे हे आयटीआयत पहिल्याच वर्षी शिकवतात. न्यूट्रल कुठे तुटला तर यंत्राचा सगळा पत्रा जिवंत होतो. पण पाड्यापाड्यावर अर्थिंगचा खड्डा कोण खणणार, म्हणून मी वर्षानुवर्षं हेच करत आलो. हाताला इतकी सवय की डोकं लागत नाही. त्या दिवशी हिरवी तार बोटभर कापली, टोकं सोलली, आणि स्क्रूखाली घालताना हात थांबला.

हेच मी खळ्यावरच्या पेटीत केलं होतं.

खड्डा होता, कोळसा-मीठ होतं, पाइप होता, आणि तरी हाताने सवयीने अर्थच्या पिनेवरून न्यूट्रलवर बोटभर तार टाकली होती. मला ती टाकल्याची आठवणही नव्हती, पण टाकली असणार हे पक्कं ठाऊक होतं. मी तिथेच स्टुलावर बसलो. सगळं एकदम उलगडलं. एसीचा करंट परत येताना दोन वाटांनी येत होता. बराचसा न्यूट्रलने, आणि थोडा त्या तुकड्यावरून खड्ड्यात, खड्ड्यातून जमिनीत. ईएलसीबीला तेवढं कमी दिसायचं आणि ते पडायचं. खड्डा कोरडा असला की जमिनीची वाट जवळजवळ बंद. ओला केला की वाट मोकळी. वहिनी जितकं पाणी ओतेल तितकं ते जास्त पडणार होतं. तिने सांगितलं होतं तसंच.

"काय झालं?" घरमालकाने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. हे दोन शब्द पुढे मी बऱ्याचदा वापरले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पाड्यावर गेलो. दादा घरात आडवा झाला होता, पाहुणे गाडीत, वहिनी झिऱ्यावर. मी पेटीचे चार स्क्रू काढले. तार तिथे होती. काढली, खिशात टाकली, झाकण लावलं. दहा मिनिटांचं काम. साहेबांना म्हटलं, एसी लावून बघा. लावला. तास झाला, दीड तास झाला. पडलं नाही.

दादा डोळे चोळत बाहेर आला. "काय केलंस रे?"

"काही नाही." आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, मी पुढे म्हणालो, "ओल खोलवर पोचली आता. वहिनीच्या पाण्याचं फळ."

ती त्याच वेळी वर येत होती. डोक्यावर एकावर एक दोन हंडे, काखेत कळशी. बाई गाडीतून उतरून टाळ्या वाजवत तिच्याकडे गेल्या. "वहिनी, चालला बरं का! तुमच्या पाण्यामुळे चालला!" वहिनीने हंडे उतरवले. घामाने भिजलेल्या तिच्या तोंडावर जो आनंद आला तो मी बघितला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे तुमचाच बरोबर व्हता, भाऊजी. मी उगाच बोलली."

तिथे सांगता आलं असतं. खिशात तार होती, सांगायला चार वाक्यं लागली असती. मी म्हणालो, "अगं, होतं असं कधीकधी."

आणि तिने एक हंडा उचलून खड्ड्यात ओतला.

त्यानंतर पाहुणे नऊ दिवस राहिले. त्या नऊ दिवसांत ती रोज दोन हंडे ओतत होती. मी थांबवलं नाही. थांब म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. जव्हारला घरी बसून मी स्वतःशी कारणं जुळवायचो: खड्ड्याला थोडी ओल लागतेच, अगदीच वाया जात नाही, आता थोडेच दिवस राहिले. नळ सोडून हात धुताना झिरा डोळ्यांसमोर यायचा. मी नळ बारीक करायचो, तेवढं करून बरं वाटून घ्यायचो. पहिल्या दोन आठवड्यांत जे झालं ती चूक होती, चूक कुणाचीही होते. या नऊ दिवसांना मी चूक म्हणू शकत नाही.

पाहुणे गेले. पावसाळा आला. मी भाताच्या आवणीला मदत करायला दोन दिवस पाड्यावर गेलो. वहिनी त्या दिवशी सकाळी न्हालेली होती. पागोळ्यांखाली बादल्या भरून वाहत होत्या. केस मोकळे सोडून चुलीच्या उबेला बसून ती नाचणीच्या भाकरी भाजत होती, आणि दादा विडी ओढत माझ्या बाजूला. केसांत बरंच पांढरं झालं होतं. मला एकदम आठवलं की उन्हाळाभर ते केस मी बघितलेच नव्हते.

मी सांगून टाकलं. तार काढून दाखवली, पेटीत ती कुठून कुठे टाकली होती ते चुलीपुढच्या राखेत रेघा ओढून समजावलं. झिऱ्यावरून पाणी आणणाऱ्या बाईला, अंगणातून ओहोळ वाहत असताना सांगितलं. पाणी फुकट झाल्यावर. हेही लिहून ठेवतो, म्हणजे माझ्या कबुलीची कुणी फार किंमत करायला नको.

दादा आधी बघत राहिला आणि मग हसत सुटला. "अरे वायरमन! एवढ्याशा तारेपायी? आनि मी म्हनतो जमीन किती पिते!"

वहिनी हसली नाही. तिने तो तुकडा तळहातावर घेतला, उजेडाकडे धरून बघितला, मला परत दिला. भाकरी उलटली.

"तुमाला कळल्यावर किती दिस ओतला मी?"

"नऊ."

"नऊ," ती म्हणाली. भाकरी फुगली. तिने ती काढून माझ्या ताटात टाकली, वर लसणाची चटणी वाढली, नेहमीसारखी. मग चुलीकडे बघत म्हणाली, "त्या पान्यात मी न्हाली असती, भाऊजी. डोका नुसता वळवळत व्हता."

दादाचं हसणं थांबलं. मी भाकरी खाल्ली. न खाऊन उठलो असतो तर तिला माझी समजूत काढत बसावं लागलं असतं.

तिने नंतर तो विषय काढला नाही. मीच एक काम सुरू केलं. जिथे जिथे मी अशी तार टाकली होती ती घरं आठवून, एकेक सुट्टी काढून, ती काढायला जातो आणि अर्थिंगसाठी खड्डा खणून देतो. का काढतोय तेही त्या घरच्या माणसांना सांगतो. काही हसतात, काही शिव्या घालतात. अजून बरीच घरं बाकी आहेत.

यंदा मार्चमध्ये ठाण्याच्या पाहुण्यांचा पुन्हा फोन आला. दादा खूश. वहिनी म्हणाली, "येऊ द्या. पन ते येतील त्या दिवशी भाऊजींना बोलवा. मला खोटी पाडली ती त्यांच्यासमोर. तं त्यांच्यासमोर सांगा म्हनावा."

दादाने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी, खोटं कशाला सांगू, आधी कामाची सबब सांगितली. एका शाळेचं वायरिंग चालू आहे म्हटलं. फोन ठेवला आणि पंधरा मिनिटांनी परत लावून येतो म्हणालो.

ते आले त्या दिवशी मी एक पाइपही नेला. गेल्या वर्षी गाडीच्या ओट्याचं भांडी धुतलेलं पाणी उतारावर नुसतं सांडत होतं. खड्ड्याला जी काही ओल लागते ती त्यातच भागली असती. ते मला तेव्हा सुचलं नव्हतं. पाइप गाडीपासून खड्ड्यापर्यंत टाकून झाला, चहा आला, आंब्याखाली आम्ही तसेच बसलो, आणि साहेब गमतीने म्हणाले, "काय वहिनी, यंदा पण हंडे घालणार ना? तुमच्या पाण्यावर तर आमचा एसी चालतो."

दादा खाली बघायला लागला. वहिनी माझ्याकडे.

मी सांगितलं. नीट, क्रमाने. तार कुणी टाकली, पाणी घातल्यावर का पडायचं, मला कधी कळलं, कळल्यावर मी काय म्हणालो, आणि त्यानंतर किती दिवस गप्प बसलो. भाकऱ्या थापायचं जे बोललो होतो तेही पुन्हा उच्चारलं. साहेबांनी कप खाली ठेवला. बाईंचा चेहरा उतरला. त्या गाडीच्या न्हाणीघराच्या खिडकीकडे बघत होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "मी रोज बघत होते. मी टाळ्या वाजवल्या हो."

"तुमाला काय म्हाईत," वहिनी म्हणाली. मग मला म्हणाली, "पेटी उघडून दाखवा त्यांना."

मी मेन बंद करून चार स्क्रू काढले आणि झाकण हातात धरून बाजूला झालो. वहिनी पुढे आली. पदर खोचला, हात मागे बांधले, कशालाही न शिवता मान पुढे करून हनुवटीनेच दाखवायला लागली.

"ही इथनं लाइट जाते. ही इथनं परत येते. इथं व्हती ती तार. तं परत येणारी थोडी इकडनं खड्ड्यात जायाची. पानी घातला का जास्त जायाची. ह्या मशीनला वाटायचा कोनाला लागली, तं ते पडायचा." ती साहेबांकडे वळली. "मी बोललेली. तुमी सगळे हसलात."

"हो," साहेब म्हणाले. "हसलो. चुकलंच."

"मी पन हसली," ती म्हणाली. मग मान न वळवता, "बरोबर सांगते ना, भाऊजी?"

"बरोबर," मी म्हटलं. एका शब्दाचीही दुरुस्ती करायची नव्हती.

सकाळी झिऱ्यावरून आणलेला तिचा हंडा आंब्याच्या बुंध्याशी ठेवलेला होता. तिने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि वाकली. मी झाकण एका हातात, स्क्रू दुसऱ्या मुठीत, तसाच पुढे झालो.

"मी आणतो घरात, वहिनी."

तिने एका दमात हंडा डोक्यावर घेतला.

"नको," ती म्हणाली. "तुमी स्क्रू लावा."